आठ वाजता दुखायला लागलं होतं

मंदा,

मंगळवारी संध्याकाळी आपण वाल सोलत बसलो होतो. मोड आलेले वाल तू कोमट पाण्यात टाकले होतेस. मधे परात, एका बाजूला तू, एका बाजूला मी. टीव्ही चालू, पण आवाज बंद, कारण जाहिराती लागल्या की तुझं डोकं फिरतं. माझा एक वाल सोलून होईपर्यंत तुझे चार होत होते. एक तर सालातून असा सटकला की सरळ कपाटाखाली. तू म्हणालीस, "एवढी वर्षां कंपनीत मशीन चालवलात, आणि एक वाल धरूक जमणा नाय?" मी म्हटलं, "मशीन उडी मारत नव्हतं." तू हसलीस. मग बांगडीतली पीन काढून नखात अडकलेलं साल कोरलंस, पीन परत बांगडीत लावलीस, आणि म्हणालीस, उद्या बिरडं करते, खोबरं जास्त घालून.

बस, एवढंच. शेवटचं आहे म्हणून त्यात काही वेगळं नव्हतं. असतं तर मी टीव्ही तरी बंद केला असता.

आज चौदा दिवस झाले. आलेली माणसं गेली. वैशाली पण काल बोरिवलीला तिच्या घरी गेली, नको नको म्हणत. आता घरात मी एकटा. तेव्हा म्हटलं लिहावं. चौथी पास माणसाने लिहायचं म्हणजे वेळ लागतो, पण वेळच वेळ आहे. तू किती चांगली होतीस ते मी लिहिणार नाही. ते खाली सोसायटीच्या फळ्यावर सेक्रेटरीने लिहून झालंय. 'प्रेमळ व मितभाषी.' मितभाषी! मी फळ्यासमोर उभा राहून हसलो. वॉचमनला वाटलं म्हातारा गेला कामातून.

आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. दवाखान्याचं. त्या बाबतीत आपलं कधी जमलंच नाही.

तुला आठवतं, वैशाली चार वर्षांची होती, तापाने तिला आकडी आली होती. मी पहिल्या पाळीला. चाळीतल्या बायका म्हणाल्या, प्रभू डॉक्टरांकडे घेऊन जा. तू पोरीला खांद्यावर टाकून धावत सुटलीस, डॉक्टरांच्या दवाखान्यासमोरून, न थांबता, अनवाणी. हायवेवर एका टेम्पोसमोर आडवी झालीस आणि ड्रायव्हरला म्हणालीस, पोर हातातून चाललीय, बघतोस काय, चल मोठ्या हॉस्पिटलात. संध्याकाळी मी आलो आणि पोरीची चौकशी करायच्या आधी तुलाच ओरडलो. "डॉक्टरांना न विचारता गेलीस? त्यांना काय वाटलं असेल?"

तू म्हणालीस, "त्यांका काय वाटला ता त्यांच्या बायकोक विचारा. माझा पोर जिवंत आसा."

आठ दिवसांनी डॉक्टर स्वतः म्हणाले, बाई, बरोबर केलंत. तू माझ्याकडे बघितलंस. ते बघणं तू पुढे वीस वर्षं वापरलंस.

आणि माझं बोट चेंगरलं तेव्हा? मी फडकं गुंडाळून पाळी पूर्ण करून घरी आलो. तू फडकं सोडलंस, बघितलंस, आणि जेवणाचं ताट झाकून मला तसाच बसमध्ये घातलंस. बसभर ओरडत होतीस, "हात वर धरा! वर! आणखी वर!" अख्खी बस मला बघत होती, जसा काय मी घोषणा द्यायला निघालोय. बोट वाचलं. आता लिहिताना पेन त्याच बोटाला टेकलंय.

दुसऱ्याचं दुखणं असलं की तू वाघीण. कधी निघायचं, कुठे जायचं, कुठल्या हॉस्पिटलात काय आहे नि काय नाही, सगळं तुला पाठ. स्वतःचं असलं की मात्र "बघूया". त्यामुळे आपल्या घरात हे ठरवायची पाळी माझ्यावर कधी आलीच नाही. आली ती एकदाच.

मी डॉक्टरांना का धरून होतो ते तुला मी कधी नीट सांगितलं नाही. मुंबईत नवा होतो तेव्हा बाबांना गावाहून आणून एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं होतं. सबंध दिवस या खिडकीतून त्या खिडकीत. शेवटी एकाने विचारलं, चिठ्ठी कोणाची आहे? चिठ्ठी नव्हती. बाबांना घेऊन परत आलो. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं की आपल्यासारख्यांना मोठ्या दारात कोणाचा तरी कागद लागतो. ती साध्या तपासणीची रांग होती, जिवावरच्या दुखण्याला कोणी चिठ्ठी मागत नाही, हा फरक मला कोणी सांगितला नाही. आणि मी कोणाला विचारला नाही. पुढे प्रभू डॉक्टर भेटले, माझं नाव घेऊन बोलवायला लागले, आणि मला वाटलं, झालं, आपला कागद मिळाला.

त्यांच्या दवाखान्याची रांग म्हणजे चपलांची रांग. शटर उघडणार दहाला, पण आठपासून लोक एकेक चप्पल ठेवून जातात आणि दहाला येऊन आपापल्या चपलेमागे उभे राहतात. माझी नवीन सँडल तिथून चोरीला गेली, तेव्हा तू दोन दिवस बोललीस आणि तिसऱ्या दिवशी तोडगा काढलास. तुझी एक जुनी चप्पल, डावीच, उजवी कधीच तुटून गेलेली, ती दारामागे खिळ्याला लावलीस. नंबराची चप्पल. एकट्या चपलेला कोण चोरणार? पुढे अख्ख्या बिल्डिंगीने तुझं बघून एकेक एकटी चप्पल ठेवली. कंपाउंडर दहाला बाहेर येऊन ओरडायचा, "निळ्या पट्टीवाले, या आत!" आणि निळ्या पट्टीवाले म्हणजे आपण.

आता बुधवारचं.

आठ वाजले होते. बातम्या नुकत्याच लागल्या होत्या म्हणून मला नक्की माहीत आहे. तू ओट्याशी खोबरं खवत होतीस. खवणीचा आवाज थांबला. मी आत बघितलं तर तू गालाला हात लावून उभी. "दाढ दुखता," म्हणालीस. मी म्हटलं, लवंग धर. तू लवंग धरलीस. मग तुझ्या ब्लाऊजची पाठ बघितली, पार भिजलेली. जानेवारीची सकाळ, पंखा बंद, मी अंगात स्वेटर घातलेला, आणि तुला घाम. हे मी बघितलं, मंदा. बघितलं नाही असं म्हणायची सोय नाही. बघितलं आणि मनात म्हटलं, गॅसजवळ उभी आहे.

मी म्हटलं, "डॉक्टरांना दाखवूया." खिळ्यावरची चप्पल काढली, खाली जाऊन शटरसमोर ठेवली. चौथा नंबर लागला. मला बरं वाटलं. काम केल्यासारखं वाटलं. येताना दूध घेतलं. हे पण सांगून टाकतो, दुधाच्या केंद्रावर कालच्या मॅचवर दहा मिनिटं गप्पा मारल्या.

वर आलो तर तू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खाली बसली होतीस. सकाळच्या वेळी तू खाली बसत नाहीस. डावा हात मांडीवर असा ठेवला होतास, जसा काय तो दुसऱ्याचा आहे. म्हणालीस, "माका कायतरीच होता. मोठ्या हास्पिटलात जाऊया काय?"

पन्नास वर्षांत तू स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस असलं मी बोलणार नाही. तू भरपूर मागितलंस, आणि नाही मिळालं की अबोला धरलास. पण स्वतःसाठी हॉस्पिटल तू पहिल्यांदा मागितलंस.

मी काय म्हटलं? "चिठ्ठीशिवाय कोण विचारतंय तिथं? डॉक्टर येऊ देत. चौथा नंबर लावलाय."

तू म्हणालीस, "बरा."

तिथंच मला कळायला पाहिजे होतं, मंदा. दाढ, घाम, हात हे मला कळलं नाही ते ठीक आहे, मी डॉक्टर नाही. पण तू माझं एका वाक्यात ऐकलंस! असं आपल्या संसारात कधी झालं होतं? तेवढ्यावरून तरी मी तुला उचलून न्यायला पाहिजे होतं.

सव्वानऊला तुला उलटी झाली. मग म्हणालीस जरा हलकं वाटतंय. मला वाटलं, चला, पित्त होतं, पडून गेलं. तू साडी बदललीस. मी म्हटलं राहू दे, तर म्हणालीस, "अशी जाऊ डॉक्टरांसमोर?" निऱ्या घालताना दोनदा थांबलीस. पावणेदहाला आपण निघालो. तीन जिने. मी हात धरला तर म्हणालीस, "सोडा, लोक बघतत." सोडला. दुसऱ्या जिन्यावर तूच परत धरलास.

दवाखान्याच्या पायरीवर, चपलांच्या रांगेशेजारी तू बसलीस. पहिल्या नंबरवाली बाई म्हणाली, काकींना आधी जाऊ दे हां, चेहरा बघा कसा झालाय. डॉक्टर दहाला आले. त्यांनी शटरला हात पण लावला नाही. तुझ्याकडे बघितलं, मनगट धरलं आणि माझ्यावर ओरडले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"सावंत, हिला इथं कशाला बसवलंय?"

मी म्हटलं, "डॉक्टर, चौथा नंबर आहे आमचा."

हे वाक्य मला आता झोपू देत नाही. इतर सगळं जमेल सोसायला.

त्यांनी बॅगेतून गोळी काढली, तुला चावून खायला लावली. म्हणाले, हार्टचं आहे. समोरच्या नर्सिंग होममध्ये नेऊ नका, जवळ आहे म्हणून, तिथं हार्टचं काही नाही, परत उचलून दुसरीकडे न्यावं लागेल, त्यात वेळ जाईल. सरळ पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात. मी तिथं फोन करतो. समोर रिक्षा उभी होती तिच्यात त्यांनीच तुला धरून बसवलं. आणि मी, मंदा, तेव्हा सुद्धा विचारलं, "चिठ्ठी?"

"अहो चिठ्ठी कसली मागताय! निघा!"

रिक्षात तू शुद्धीत होतीस. एकदम तूच होतीस. "गॅस बंद केलात?" केला. "वालांचा पाणी बदला, नायतर आंबतील." बदलतो. "वैशालीक आत्ताच फोन करू नका, घाबरात ती. हापिसात आसा." नाही करत. मग रिक्षावाल्याला, "ए बाबा, खड्डा देखके." तो बिचारा भय्या म्हणाला, "काकी, फूल जैसा ले जा रहा हूँ." तू मला हळूच म्हणालीस, "फूल म्हणता माका. बघा, शिका कायतरी." मी हसलो. तू डोकं माझ्या खांद्याला टेकलंस. लोक बघत होते, सिग्नलला, पण या वेळी तू काही म्हणाली नाहीस.

हॉस्पिटलच्या दारातल्या माणसाने तुला बघितलं आणि स्ट्रेचर ओढलं. नाव नंतर सांगा म्हणाला. आत नेलं. कोणी काही कागद मागितला नाही. ज्या चिठ्ठीसाठी मी तुला दोन तास बसवलं ती कोणी मागितलीच नाही, मंदा. मी हात शर्टाच्या खिशाकडे नेला होता, सवयीने. खिशात काही नव्हतं आणि कोणाला काही नको होतं.

एक तरुण डॉक्टरीण आली. आपल्या नातीपेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठी. केसांना साधा काळा चाप. तुझ्या छातीला तारा लावता लावता तिने मला विचारलं, "आजोबा, कधीपासून होतंय हे?"

मी म्हटलं, "आत्ताच. दहा वाजता सुरू झालं."

ते तोंडातून कसं आलं मला माहीत नाही. नर्स बघत होती, वॉर्डबॉय बघत होता, आणि 'दोन तास मी चप्पल ठेवून बसलो होतो' हे वाक्य माझ्याच्याने बोलवेना. आणि तू डोळे उघडलेस. माझ्याकडे बघितलंस.

आता मला सांग. आयुष्यभर तू माझी वेळ दुरुस्त केलीस. पाहुण्यांसमोर मी म्हणायचो, गावची बोट सहाला सुटली, तू आतून ओरडायचीस, पावणेसहा! मी म्हणायचो लग्न साडेअकराला लागलं, तू म्हणायचीस अकरा चाळीस, भटजींचं घड्याळ मागे होतं. भर सभेत माझा पचका करताना तू कधी मागेपुढे बघितलं नाहीस. आणि त्या दिवशी, जेव्हा वेळेचीच किंमत होती, तेव्हा तू गप्प राहिलीस. डोळे मिटून घेतलेस.

का गो? बोलायचं त्राण नव्हतं? की त्या पोरीसमोर माझी लाज राखलीस? पहिलं असेल तर ठीक. दुसरं असेल तर तुला सांगतो, मला ते नको होतं. मला तू ओरडायला हवी होतीस, 'आठ! आठ वाजल्यापासून!' या प्रश्नावर मी रोज तुझ्याशी भांडतो आणि रोज एकटाच बोलतो.

साडेबाराला ती डॉक्टरीण पडद्याबाहेर आली. तिचा चाप सुटला होता, कपाळावर घाम होता. तिने माझं कोपर धरलं. बाकी काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण तिने कोपर धरलं होतं, सोडलं नाही, मी बाकावर बसेपर्यंत.

वैशाली आली. संध्याकाळी तुला पोचवून आलो. घर माणसांनी भरलं. जो येतो तो विचारतो, कसं झालं? आणि वैशाली सांगते, "दहाला दुखायला लागलं, बाबांनी अर्ध्या तासात हॉस्पिटलात नेलं, तरी वाचवली नाही." लोक माझ्या पाठीवरून हात फिरवतात. तुम्ही काही कसर सोडली नाहीत हो. मी मान हलवतो. मग गोष्ट वाढायला लागली. डॉक्टर शिकाऊ असणार. लक्षच दिलं नसणार. सरकारी म्हणजे असंच. रात्र होईपर्यंत आपल्या घरात त्या चापवाल्या पोरीने तुला मारून टाकली होती. आणि मी कोपऱ्यात बसून चहा पीत होतो. एक खोटं तुझ्यासमोर बोललो होतो, ते आता दुसऱ्याच्या पोरीच्या अंगावर चढलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर वैशाली टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होती. चष्मा लावून, ओठ दाबून, अगदी तुझ्यासारखी. मी विचारलं, काय लिहितेस? म्हणाली, "तक्रार. त्या डॉक्टरची. सोडणार नाही मी." आणि वाचून दाखवायला लागली. "सकाळी दहा वाजता माझ्या आईला..."

"आठ," मी म्हटलं.

"काय आठ?"

"आठ वाजता दुखायला लागलं. दहाला नाही. मी खोटं बोललो."

तिने पेन खाली ठेवलं. "आणि दोन तास काय करत होतात?"

"नंबर लावला होता."

"कसला नंबर?"

"प्रभू डॉक्टरांकडे. चप्पल ठेवून आलो होतो. तुझी आई घामाने भिजली होती, म्हणाली होती मोठ्या हॉस्पिटलात जाऊया. मीच नको म्हटलं."

वैशालीने चष्मा काढला. लहानपणी कितीदा ती चप्पल घेऊन तिलाच पाठवलं होतं आपण. तिला सगळं डोळ्यासमोर दिसलं असणार. "मला फोन का नाही केलात बाबा? मी लगेच सांगितलं असतं. घाम आला म्हटल्यावर मी..."

"म्हणूनच नाही केला," मी म्हटलं. "तू लगेच सांगितलं असतंस."

ती रडली नाही. आत गेली, नळ सोडला, बराच वेळ सोडून ठेवला. मी कपडे घातले. माझी मोठी वहिनी दारात आडवी आली, "सुतकात खंय चललास?" मी म्हटलं, "सुतक माझं आहे वहिनी, मी बघतो." जिन्यात आलो तर मागून पावलं. वैशाली. बसमध्ये शेजारी बसली, पण तोंड खिडकीकडे.

हॉस्पिटलात ती डॉक्टरीण पाळी संपवून कागदी कपात चहा पीत उभी होती. मला ओळखलं. मी नमस्कार वगैरे काही केला नाही, सरळ म्हटलं, "बाई, माझ्या बायकोला आठ वाजता दुखायला लागलं होतं. मी तुम्हाला दहा सांगितलं. मी खोटं बोललो."

तिने कप बाजूला ठेवला. "आजोबा, ईसीजीच्या पट्टीत दिसत होतं. बराच वेळ झालाय हे आम्हाला कळलं होतं. सगळं त्याप्रमाणेच केलं."

"म्हणजे माझ्या खोट्याने काही बिघडलं नाही?"

"खोट्याने नाही," ती म्हणाली. आणि थांबली.

"आणि आठ वाजता आणली असती तर?"

ती वैशालीकडे बघायला लागली. मी म्हटलं, "मला सांगा. तिला पण ऐकू दे."

"चान्स जास्त असता. वाचल्याच असत्या असं मी नाही सांगू शकत. पण चान्स जास्त असता." मग म्हणाली, "बायकांचं छातीत दुखतंच असं नाही हो. जबडा, पाठ, उलटी, घाम, हात जड होणं. लोकांना वाटतं पित्त. असं काही झालं की जिने उतरवायचे नाहीत, कोणाची वाट बघायची नाही, सरळ अँब्युलन्सला फोन करायचा आणि जिथं हार्टची सोय आहे तिथं यायचं. हे सगळ्यांना सांगा."

मी सगळ्यांना सांगतोय, मंदा. बिल्डिंगीतल्या प्रत्येक बाईला सांगतोय. बायका मला बघून वाट बदलायला लागल्यात.

तेव्हा वैशाली तिला म्हणाली, "सॉरी." त्या पोरीला काय माहीत, सकाळी आपल्या टेबलावर काय लिहिलं जात होतं. ती गोंधळून बघत राहिली, "कशाबद्दल?" वैशालीने डॉक्टरणीचा हात धरला, आणि मग दुसऱ्या हाताने माझी बाही. नीट नाही धरली, चिमटीत धरली, पण धरली. मला वाटलं आता निघावं.

निघालो तर डॉक्टरीण म्हणाली, "आजोबा, जरा थांबा. मघापासून बघतेय, तुम्हाला धाप लागते का?"

माझ्या तोंडात 'नाही' तयार होतं. तुला माहीत आहे, ते कायम तयार असतं. तुला पण मी तेच सांगत आलो. दुसऱ्या जिन्यावर दहा मिनिटं थांबायचो आणि वर येऊन सांगायचो, पवारने गप्पांत अडकवलं. तू पवारला शिव्या घालायचीस. बिचाऱ्या पवारने मला कधी अडकवलं नाही, मंदा. मी त्याच्या दाराशी कठड्याला धरून छातीतलं भरलेलं उतरायची वाट बघत असायचो.

"लागते," मी म्हटलं.

"कधीपासून?"

वैशालीने माझी बाही सोडली नव्हती.

"गणपतीपासून," मी म्हटलं. मग म्हटलं, "नाही. त्याच्या आधीपासून. पावसाच्या आधीपासून. छातीत भरून येतं, जिना चढताना. हिच्या आईला सांगितलं नव्हतं."

डॉक्टरणीने आत बोट दाखवलं. मी चपला बाहेर काढल्या, शर्ट काढून वैशालीच्या हातात दिला, आणि खाटेवर आडवा झालो.